जुन्या रिमोट ट्रकची चाके उजवीकडे निम्मीच वळतात: सर्व्हो उघडावा की बदलावा?

मोठी_चाके

नमस्कार. १९८० च्या दशकातला, १:१० प्रमाणाचा, रुंद टायरांचा एक रिमोट ट्रक बरीच वर्षे खोक्यात पडून होता. तो आता पुन्हा चालू केला असून मोटर, गिअरपेटी आणि वेग नियंत्रक यांची काही तक्रार नाही. अडचण आहे ती स्टिअरिंगची. डावीकडे चाके पूर्ण वळतात, उजवीकडे मात्र जेमतेम निम्मी वळून अडतात. रिमोटची कांडी सोडली की चाके सरळ यायला हवीत, पण ती डावीकडून परतली तर किंचित डावीकडे कललेली राहतात आणि उजवीकडून परतली तर किंचित उजवीकडे. शिवाय ट्रक जागेवर उभा असतानाही सर्व्हो (रिमोटच्या इशाऱ्याप्रमाणे ठरावीक कोनात वळून चाके फिरवणारी छोटी मोटरपेटी) मधल्या स्थितीत बारीक थरथरत राहतो आणि त्याची कुरकुर स्पष्ट ऐकू येते.

संच सगळा मूळचाच आहे: २७ मेगाहर्ट्झचा दोन कांड्यांचा रिमोट, रिसीव्हरसाठी चार पेन्सिल सेलची वेगळी पेटी आणि एकाच बनावटीचे दोन सर्व्हो, एक स्टिअरिंगचा आणि दुसरा यांत्रिक वेग नियंत्रकाचा. शक्य तितके मूळ भाग राखावेत अशी इच्छा आहे. अशा वेळी सर्व्हो उघडून दुरुस्त करण्यात अर्थ आहे का, की तो सरळ बदलावा, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

सुटे_भाग

आपण तीन तक्रारी लिहिल्या आहेत आणि त्या तिन्हींची मुळे बहुधा वेगवेगळी आहेत. थरथर हे सर्व्होच्या आतले किंवा वीजपुरवठ्याचे दुखणे असते, चाके मधोमध न परतणे हे घर्षणाचे किंवा ढिलेपणाचे, आणि एकाच बाजूला कमी वळणे हे बहुतेक वेळा जोडणीचे. तेव्हा आधीच सर्व्हो बदलला तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार होईल.

म्हणून सर्वप्रथम सर्व्होच्या हॉर्नपासून (दांड्यावर बसणाऱ्या छोट्या हातापासून) चाकांकडे जाणारी सळई मोकळी करा आणि दोन्ही बाजू स्वतंत्रपणे तपासा. सळई सुटल्यावर पुढची चाके एका बोटाने या टोकापासून त्या टोकापर्यंत सहज फिरली पाहिजेत. वाटेत कुठे जडपणा जाणवला, तर चाकाचा नकल (चाक धरून ठेवणारा वळता भाग) ज्या किंगपिनच्या स्क्रूभोवती, म्हणजे उभ्या आसाच्या स्क्रूभोवती, फिरतो तो स्क्रू पाहा. जुन्या प्लास्टिकमध्ये तो गरजेपेक्षा जास्त आवळला गेलेला असतो आणि पाव फेरा सैल करताच नकल मोकळा होतो. दोन्ही टोकांच्या बॉल सांध्यांच्या वाट्याही बघा. त्या अंडाकृती झिजल्या असतील तर सळई हलते, पण चाक लगेच हलत नाही.

आता नुसता सर्व्हो चालवून पाहा. सळई नसताना हॉर्न दोन्हीकडे सारखाच वळत असेल, तर उजवीकडची अडचण सर्व्होची नाही हे नक्की झाले. मग रिमोटवरचा ट्रिम (मधली स्थिती किंचित सरकवणारी छोटी पट्टी) मधोमध आणून हॉर्न सळईला काटकोनात आहे का ते तपासा. हॉर्न एक दाता सरकवून बसवला गेला असेल आणि ती चूक ट्रिमने झाकलेली असेल, तर एका बाजूची वळण्याची जागा आपोआप कमी होते. दात्यांची संख्या २५ असलेल्या सर्व्होत एक दाता म्हणजे १४.४ अंश, आणि ही रक्कम ट्रिमने भरून काढण्याइतकी छोटी नाही.

थरथरीसाठी दोन्ही सर्व्होंचे प्लग रिसीव्हरवर आपापसात बदलून पाहा, मात्र त्याआधी मोटरच्या तारा काढून ठेवा, नाहीतर ट्रक हातातून निसटेल. थरथर सर्व्होबरोबर दुसऱ्या चॅनेलवर गेली तर दोष सर्व्होत आहे. ती स्टिअरिंगच्या चॅनेलवरच राहिली, तर रिमोटच्या कांडीखालचा पोटेन्शिओमीटर (दांडा फिरेल तसा रोध बदलणारा भाग) संशयित ठरतो, कारण तोही तितकाच जुना आहे. सेलच्या पेटीतल्या पत्र्यांवर हिरवट थर असेल तर तो आधी खरवडून काढा.

डाख_आणि_तार

वरील क्रम योग्य आहे. मी फक्त सर्व्होच्या आतल्या भागाविषयी लिहितो, कारण तो उघडण्यात अर्थ नक्कीच आहे.

रिसीव्हर सर्व्होला साधारण दर २० मिलिसेकंदांनी एक स्पंद पाठवतो. स्पंदाची लांबी सुमारे १.५ मिलिसेकंद असेल तर मधली स्थिती, आणि ती १ किंवा २ मिलिसेकंदांकडे सरकली तर एक किंवा दुसरी बाजू. सर्व्हो आपण कुठे आहोत हे शेवटच्या गिअरखाली बसवलेल्या पोटेन्शिओमीटरवरून ओळखतो. ट्रक बहुतांश वेळ सरळ धावत असल्यामुळे त्यातली सरकती पट्टी कार्बनच्या एकाच जागेवर वर्षानुवर्षे घासत राहते आणि नेमकी मधली जागाच आधी झिजते. तिथे संपर्क तुटक झाला की सर्किटला स्थान कधी इकडे, कधी तिकडे भासते आणि मोटर ते दुरुस्त करत बसते. आपण ऐकता ती कुरकुर हीच असावी.

तळाचे चार लांब स्क्रू काढा, पण वरचे झाकण उचलण्याआधी सर्व्हो सरळ उभा धरा आणि झाकण अगदी हळू काढा, कारण गिअर दोन बारीक पिनांवर नुसते रचलेले असतात आणि झाकणाबरोबर उचलले जातात. लगेच फोटो काढून ठेवा. जुने ग्रीस बहुधा पिवळट आणि मेणासारखे घट्ट झालेले असेल. ते दातांच्या मुळापर्यंत कोरून काढा, कारण गिअर अडकण्याचे तेही एक कारण असते. नव्याने ग्रीस लावताना प्लास्टिकला चालणारेच घ्या आणि तेही नाममात्र.

पोटेन्शिओमीटरच्या फटीत इलेक्ट्रॉनिक संपर्कांसाठीच्या क्लीनरचा थेंब सोडून दांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत बऱ्याच वेळा फिरवा. घरातले गंज सोडवणारे तेल इथे वापरू नये. त्याचा थर मागे राहतो आणि त्यावर धूळ बसते. नंतर सेल काढून, मल्टिमीटर मधल्या आणि एका बाजूच्या टोकाला लावून दांडा सावकाश फिरवा. रोध सलग वाढत किंवा घटत गेला तर काम झाले. मध्येच आकडा उडी मारत असेल तर कार्बन झिजला आहे आणि झिजलेला कार्बन साफसफाईने परत येत नाही. मग तितक्याच रोधाचा आणि त्याच आकाराच्या दांड्याचा पोटेन्शिओमीटर शोधून डाख द्यावा लागेल. रोध शेजारी छापलेला नसेल तर बाजूच्या दोन टोकांमध्ये मोजून घ्या.

मोठी_चाके

दोघांचेही मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे तपासले. सळई काढल्यावर सर्व्हो दोन्हीकडे सारखाच वळतो. उजव्या नकलचा किंगपिन स्क्रू खरोखरच इतका आवळलेला होता की चाक बोटाने ढकलल्यावर ढकलले तिथेच थांबत होते. तो सैल केल्यावर आणि हॉर्न काढून एक दाता मागे बसवल्यावर उजवे वळण जवळजवळ डाव्याइतके झाले. थरथर प्लगबरोबर दुसऱ्या चॅनेलवर गेली, म्हणजे ती सर्व्होचीच. साफसफाईनंतर ती बरीच कमी झाली असली, तरी मधोमध एका अरुंद जागी मल्टिमीटरचा आकडा अजूनही उडी मारतो. चाके पूर्वीपेक्षा चांगली परततात, पण अगदी एका जागी येत नाहीत. चाक हाताने अडवून कांडी हलवली तर सर्व्हो फिरतो आणि हॉर्नचा वरचा भाग मात्र जागचा हलत नाही.

नवा_जुना

तो हॉर्नचा वरचा भाग म्हणजे सर्व्हो सेव्हर. चाक दगडावर आपटले तर धक्का सर्व्होच्या गिअरांपर्यंत जाऊ नये म्हणून त्यात स्प्रिंग असते. ती जोरदार धक्क्याला दबली पाहिजे, नुसत्या टायरच्या घर्षणाला नव्हे. आपल्या सेव्हरची स्प्रिंग थकली आहे किंवा तिला धरणारी प्लास्टिकची कडी तडकली आहे, आणि चाके नीट मधोमध न येण्याचे उरलेले कारण तेच आहे. सेव्हर नवा घेताना आतले दाते सर्व्होच्या कंपनीप्रमाणे जुळवून घ्या: फुताबाचे सर्व्हो २५ दात्यांचे, हायटेकचे २४ आणि सान्वा व जेआर यांचे २३ दात्यांचे असतात. २३ चा सेव्हर २५ वर ठोकून बसवला तर सर्व्होचा दांडाच खराब होतो.

सर्व्होविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. ट्रक कपाटात ठेवून कधीमधी चालवायचा असेल तर जुना सर्व्हो राखावा; नियमित पळवायचा असेल तर जुना जपून ठेवावा आणि नवा बसवावा. पण मिळेल तितका ताकदवान सर्व्हो घ्यायचा मोह टाळावा. त्या काळातले ट्रक साध्या सर्व्होंसाठी घडवलेले आहेत. पुढेही वर्षानुवर्षे सर्वत्र वापरला गेलेला फुताबाचा एस ३००३ घेतला तरी त्याची ताकद ४.८ व्होल्टला ३.२ किलो-सेंमी आहे. त्याच्या चारपाच पट ताकदीचा, धातूच्या गिअरांचा सर्व्हो लावला तर धक्का सहन करणारा सर्वांत कच्चा दुवा म्हणून चाळीस वर्षांचा प्लास्टिकचा नकल उरतो. शिवाय असा सर्व्हो अडकला की दोन अँपिअरच्या पुढे प्रवाह खेचतो आणि चार पेन्सिल सेलची पेटी त्यापुढे हात टेकते.

अर्थात काही रचनांना जास्त ताकद लागतेच. १९८७ च्या टामिया कंपनीच्या क्लॉड बस्टर या रिमोट ट्रकमध्ये पुढची आणि मागची अशी चारही चाके वळतात आणि मूळ रचनेत ते सगळे काम चासीवरचा एकच सर्व्हो लांब सळयांच्या मार्फत करतो. तिथला ढिलेपणा घालवण्यासाठी हौशी लोक प्रत्येक आसावर स्वतंत्र सर्व्हो बसवतात. आपल्या ट्रकला त्याची गरज दिसत नाही.

सुटे_भाग

मूळ भागच राखायचे असतील तर आणखी एक मार्ग आहे. आपले दोन्ही सर्व्हो एकाच बनावटीचे आहेत. वेग नियंत्रकाचा सर्व्हो स्टिअरिंगला लावा आणि थरथरणारा वेग नियंत्रकाकडे पाठवा. यांत्रिक नियंत्रकात मोटर बंद असण्याची जागा बऱ्यापैकी रुंद असते, त्यामुळे उरलेली किंचित थरथर तिथे चालून जाते. अदलाबदलीनंतर चाके जमिनीपासून वर उचलून खात्री करा, की कांडी मध्यावर असताना मोटर मुळीच फिरत नाही. ती जराही फिरत असेल तर हा मार्ग सोडा आणि पोटेन्शिओमीटर बदला.

नवा सेव्हर आल्यावर जोडणी याच क्रमाने करावी: आधी रिमोट, मग रिसीव्हर चालू करून ट्रिम मधोमध, सर्व्होला स्वतःहून मध्यावर येऊ द्या, मग सेव्हर काटकोनाच्या जास्तीत जास्त जवळ बसेल त्या दात्यावर बसवा आणि उरलेला फरक ट्रिमने नव्हे, तर सळईची लांबी फिरवून काढा. शेवटी दोन्ही टोकांना सर्व्हो गुरगुरत अडत नाही ना ते ऐका, कारण अडलेला सर्व्हो सेल संपवतो आणि स्वतःही तापतो. जाड गालिच्यावर उभ्या ट्रकची रुंद चाके पूर्ण वळली नाहीत तर तो दोष समजू नये. ट्रक चालता ठेवून तपासा.