मॅन्युअल इंटिग्रेशन केलं म्हणजे लबाडी? मग मेथड लिहिणाऱ्याचं काय?

तारापूरकर
एचपीएलसी, म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र, प्रत्येक घटकाचा एक उंचवटा (पीक) काढतं; पीकखाली बेसलाइनची रेघ ओढून क्षेत्रफळ मोजणं म्हणजे इंटिग्रेशन. ती रेघ सॉफ्टवेअर ठरलेल्या सेटिंगने (प्रोसेसिंग मेथड) ओढतं, नाहीतर माणूस हाताने (मॅन्युअल). काल इथे एकाने लिहिलं, "प्रोसेसिंग मेथड लॉक केली की विषय संपला. ज्याला हाताने बेसलाइन ओढावी लागते तो अडाणी तरी आहे नाहीतर लबाड." १४ वर्षं औषध कंपनीच्या क्यूसीत, म्हणजे तपासणी लॅबमध्ये, घासलीत मी. हे वाचून झोप आली नाही.

आमचीच एक आरएस मेथड घ्या, म्हणजे औषधातली अशुद्धी (इम्प्युरिटी) मोजायची पद्धत. मेन पीक १२.४ मिनिटांना, त्याच्या शेपटीवर आरआरटी १.०६ ला (मेन पीकच्या वेळेच्या १.०६ पट) इम्प्युरिटी बसलेली. लिमिट ०.१५ टक्के. व्हॅलीतून, म्हणजे दोन पीकमधल्या खळग्यातून, सरळ खाली रेघ (ड्रॉप) मारली तर ०.१७, फेल. शेपटीच्या उतारालगत तिरकी रेघ (टँजंट स्किम) लावली तर ०.०९, पास. इंजेक्शन तेच! ड्रॉपमध्ये मेन पीकची शेपटी छोट्याच्या खात्यात जमा होते, स्किममध्ये छोट्याचाच लचका तोडला जातो. लॉक केलेली मेथडही या दोनांतला एक आकडा उचलतेच. तो कोणी आणि कशावरून ठरवला? व्हॅलिडेशनलाच, म्हणजे मेथड सिद्ध करतानाच, ती इम्प्युरिटी मोजून मिसळा (स्पाइक), दोन्ही रेघांनी त्यातली किती टक्के सापडते (रिकव्हरी) ते काढा, मग लॉक करा. थ्रेशोल्ड, पीक विड्थ ही पीक ओळखायची सेटिंगं जुन्या प्रॉडक्टच्या मेथडमधून कॉपी करायची आणि वर केमिस्टला लबाड म्हणायचं, हे मी ऐकून घेणार नाही.

वाळूजचा क्यूए
वाक्य माझं आहे, मागे घेत नाही. मी क्यूए, लॅबच्या नोंदी तपासणारा. २००५ साली न्यू जर्सीच्या एबल लॅब्स या औषध कंपनीला सगळी औषधं बाजारातून परत घ्यावी लागली, ती क्यूसीच्या आकड्यांत फेरफार सापडल्यावरच. आणि लांब कशाला? माझ्या आधीच्या कंपनीत ऑडिट ट्रेल (कोणी कधी काय बदललं याची आपोआप नोंद) उघडला तर एकच पीक ११ वेळा प्रोसेस केलेला. ०.२१, ०.१९, ०.१८ करत ०.१४ आला आणि तिथे हात थांबला. सही करणारा मुलगा २४ वर्षांचा. त्याची नोकरी गेली, करायला सांगणारा अजून तिथेच आहे. तारापूरकर, तुमच्या उदाहरणातही हात फिरला की फेलचं पासच होतं. उलटं झालेलं कधी ऐकलंय?

तारापूरकर
ऐका मग. तो लॉट आम्ही ड्रॉपनेच, ०.१७ रिपोर्ट केला. फेल केला. न विचारताच तुम्ही मला त्या रांगेत बसवलंत. आणि ऑटो म्हणजे सोवळं, असं कोणी सांगितलं? मिनिमम एरिया वाढवून ठेवा, ०.०५ टक्क्याचे पीक गायब. ऑडिट ट्रेल स्वच्छ, हातही लागला नाही.

वेर्ण्याची केमिस्ट
रेघेवरून भांडताय, पण ती शेपटी आली कुठून? कॉलम, घटक वेगळे करणारी नळी, संपलाय! आमच्याकडे एका कॉलमवर १,४०० इंजेक्शनं झालीत. टेलिंग (शेपटीचं माप) १.९, यंत्र-तपासणीत (सुटेबिलिटी) २.० चालतं, म्हणून परचेसवाले म्हणतात "पास होतोय ना?" तीन वेळा मागणी टाकली.

कुरकुंभ रात्रपाळी
ताई, कॉलम मरत नाहीत, मारले जातात. इंजेक्शनांची रांग (सिक्वेन्स) संपली की फॉस्फेट बफरवरून थेट ९० टक्के ॲसिटोनायट्राइल हे सॉल्व्हंट, घरी जायची घाई. क्षार आतच बसतो. आधी पाण्याचा भाग जास्त ठेवून अर्धा तास धुवा, एवढं मी पाच वर्षं सांगतोय.

वेर्ण्याची केमिस्ट
घाई? शिफ्टला दोघी आणि सिस्टिम सहा. अर्धा तास तुम्ही येऊन धुवा! कॉलम वाचवणारा छोटा गार्ड कॉलमसुद्धा मिळत नाही आणि दोष पोरींचा?

कुरकुंभ रात्रपाळी
पोरींचा कुठे म्हटलं मी? आमच्याकडे मुलगेच तसं करतात. आणि गार्ड नसेल तर सॅम्पल नीट फिल्टर तरी करा.

वेर्ण्याची केमिस्ट
फिल्टर करतोच. शिकवू नका.

अंबरनाथ, दुसरं वर्ष
मध्ये बोलते, माफ करा. आमच्या यूपीएलसीवर (वेगवान एचपीएलसी) दोन पीक वेगळे होईचनात. सरांनी महिनाभर पीक विड्थ, थ्रेशोल्ड, शोल्डर सगळं फिरवलं. शेवटी दिसलं, सॅम्पलिंग रेट २ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला दोनच नोंदी. ३ सेकंदांच्या पीकवर जेमतेम सहा पॉइंट. तो रेट इन्स्ट्रुमेंट मेथडमध्ये असतो, एकदा रन झाला की प्रोसेसिंगमध्ये काही करता येत नाही. २० हर्ट्झ केल्यावर व्हॅली दिसली.

वाळूजचा क्यूए
हे बरोबर आहे. तारापूरकर, लॉटबद्दल मी चुकीचं धरून चाललो, ते मागे घेतो. स्पाइकिंगचंही मान्य. पण स्टँडर्डला (प्रमाण माहीत असलेल्या नमुन्याला) एक रेघ आणि सॅम्पलला दुसरी दिसली, किंवा कारण न लिहिता बेसलाइन हलली, तर मी परत पाठवणारच.

तारापूरकर
पाठवाच. स्पाइक करून झालंय. ०.१५ टाकलं, ड्रॉपने रिकव्हरी १२० टक्के, स्किमने ६७. दोन्ही रेघा टाकाऊ. म्हणजे तो लॉट बहुतेक पास होता, आणि आम्ही जाळला. ग्रेडियंट (सॉल्व्हंटचं बदलतं प्रमाण) सुधारलाय, रिझोल्यूशन (दोन पीक किती वेगळे झाले त्याचं माप) १.८ आलंय, आता ड्रॉप मारा की स्किम, आकडा तोच येतो. बदलाच्या मंजुरीचा कागद (चेंज कंट्रोल) मात्र चार महिने क्यूएकडे पडलाय.

वेर्ण्याची केमिस्ट
आणि कॉलम नवा घेतलात की जुन्यावरच?

तारापूरकर
नवा. स्वतः परचेसच्या दारात बसून आणला.