कुत्र्याला शिकवायचं मराठीत, हिंदीत की इंग्रजीत?

साताऱ्याची_सून:
नमस्कार मंडळी. आमच्याकडे कारवानी जातीची मादी आहे, ठकी. सात महिन्यांची होत आली. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं आणि चौथीतला मुलगा. नवऱ्याने व्हिडिओ बघून तिला 'सिट', 'स्टे', 'कम' शिकवलंय आणि त्याच्यापुढे ती सगळं नीट करते. पण तो नोकरीसाठी पुण्यात, घरी फक्त शनिवार-रविवार. रोज सकाळी तिला फिरवायला अप्पा, म्हणजे माझे सासरे, नेतात. ते 'बस बाळा', 'अगं थांब की', 'ये ये ये' असं त्यांच्या पद्धतीने बोलतात आणि ही ढिम्म.

परवा रस्त्यापलीकडे मांजर दिसलं आणि अप्पांच्या हातून पट्टा सुटला. ते हाका मारताहेत, ती वळूनही बघेना. रिक्षावाल्याने करकचून ब्रेक मारला म्हणून वाचली. तेव्हापासून अप्पा तिला न्यायलाच घाबरतात.

एका ट्रेनरला विचारलं तर म्हणाला, मराठीत कुत्री शिकत नाहीत, हिंदी नाहीतर इंग्रजीच पाहिजे. हे खरं आहे का? आणि आता भाषा बदलली तर ती गोंधळेल का?

लॅबवाला:
माझं मत इंग्रजी. घरात दिवसभर 'बस', 'ये', 'नको' चालूच असतं, कधी मुलांना, कधी पाहुण्यांना. कुत्रं ऐकून ऐकून त्या शब्दांकडे लक्ष देईनासं होतं. 'सिट' आपण दुसऱ्या कुणाला म्हणत नाही. शिवाय आम्ही गावाला गेलो की आमच्या लॅबला बोर्डिंगमध्ये ठेवतो. तिथली मुलं कुठकुठली असतात, पण 'सिट' सगळ्यांना येतं. माझी आई सातवी शिकलेली आहे, तीही छान म्हणते.

रंकाळ्यावरून:
ताई, मराठीत कुत्री शिकत नाहीत हे आधी मनातून काढून टाका. धनगरांच्या मेंढरांमागची कुत्री पिढ्यानपिढ्या इथलीच हाळी ऐकून राखण करतायत. मी कोल्हापुरात घरोघरी जाऊन कुत्र्यांना शिकवते. कुठल्याही घरी पहिला प्रश्न एकच विचारते: कुत्रं रस्त्यावर असताना पट्टा कुणाच्या हातात असतो? तुमच्याकडे अप्पांच्या. मग ठकीची भाषा अप्पांची. गाडी अंगावर येताना माणसाच्या तोंडून जे आपसूक निघतं तेच तिला कळायला हवं. त्या क्षणी अप्पांना 'स्टे' आठवणार नाही, 'थांब'च निघणार.

लॅबवाल्यांचा मुद्दा खोटा नाही, पण त्यावर उपाय आहे. आधी नाव घ्यायचं, तिने बघितलं की मगच शब्द. 'ठकी... बस.' पाहुण्यांना 'बसा' म्हटलेलं मग तिच्यासाठी नसतं, हे तिला लवकर कळतं.

मराठीची खरी अडचण वेगळी आहे. आपण एकच गोष्ट दहा तऱ्हांनी म्हणतो: बस, बस की, बसतेस का, बसून घे बघू. आपल्याला अर्थ एकच, पण तिला तो दर वेळी नवा आवाज. म्हणून 'बस' म्हणजे नुसतं 'बस'. लाडाचं बोलणं ती बसल्यावर, आणि तेव्हा मात्र मनापासून करा. बुडापेस्टच्या विद्यापीठात 2016 साली कुत्र्यांना एमआरआय यंत्रात न हलता पडून राहायला शिकवून मेंदू तपासले होते. कौतुकाचा शब्द आणि कौतुकाचा सूर दोन्ही जुळले तरच बक्षिसाचा आनंद देणारा भाग नीट जागा होत होता. 'शाब्बास' कोरडं म्हणून भागत नाही.

दुसरं, शब्द एकमेकांपासून लांबचे निवडा. ये, दे, घे, ने हे चारही वाऱ्यात सारखेच ऐकू येतात. म्हणून बोलवायला 'इकडे', तोंडातली वस्तू टाकायला 'सोड'. भुंकणं थांबवायला 'बास' अजिबात नको, 'बस'च्या फार जवळ आहे. एका घरी 'बास' म्हटलं की कुत्रं बसायचं आणि बसल्या बसल्या भुंकत राहायचं, घरचे म्हणायचे हट्टी आहे. त्याला 'गप' शिकवलं आणि मिटलं. इंग्रजीवाल्या घरांत हाच घोळ 'डाऊन'चा असतो, आडवं पडायलाही तेच आणि सोफ्यावरून उतरायलाही तेच. तुम्ही 'आडवी' आणि 'उतर' वेगळे ठेवा. 'हाड' घरात कुणीच वापरू नये. गल्लीतल्या कुत्र्यांवर लोक दगड उचलून तेच ओरडत असतात.

आता बदल कसा करायचा. 'सिट' तिला पक्कं येतं ना, मग तेच कामाला लावा. अप्पांनी आधी नवा शब्द म्हणायचा: 'बस'. क्षणभर थांबून जुना: 'सिट'. ती बसली की खाऊ. थोड्याच दिवसांत ती 'सिट'ची वाट न बघता 'बस'वरच बुड टेकेल, मग जुना शब्द बंद. क्रम उलटा करू नका आणि दोन्ही एकदम म्हणू नका, नाहीतर ओळखीचा शब्द ऐकून ती मोकळी होते आणि नवीन कानावरच पडत नाही. सोबत हाताची खूणही ठेवा, तळवा वर उचलला की बस. बहुतेक कुत्री शब्दापेक्षा खूण आधी पकडतात.

बोलावण्याचा शब्द मात्र कोरा घ्या. 'कम' आणि 'ये' दोन्ही ऐकून न येण्याची तिला सवय लागलीय. 'इकडे' पहिल्यापासून शिकवा: आधी स्वयंपाकघरात, मग अंगणात, मग मैदानावर लांब दोर बांधून. दर वेळी उकडलेल्या चिकनचा तुकडा किंवा तिला जे जीव की प्राण असेल ते. 'इकडे' म्हणून बोलावून आंघोळ घालायची नाही, रागवायचं नाही. कारवानी हे नजरेने शिकार करणारं कुत्रं आहे. एकदा धाव घेतली की कान बंद होतात, त्यामुळे ती दिसलेल्या वस्तूकडे बघत उभी असते त्या क्षणीच हाक मारायची. रस्त्याजवळ पट्टा कायम हवा आणि तो अप्पांनी मनगटात अडकवून धरावा, नुसता मुठीत नको. अप्पांना सांगा, चूक त्यांची नाही, ठकीचीही नाही.

लाइने_काठची:
मी जर्मनीत हॅनोवरला असते. आमच्या राज्यात 2013 पासून नव्याने कुत्रं घेणाऱ्याला लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात, म्हणून मीही इथल्या श्वानशाळेत गेले. तिथे 'सित्स' (बस), 'प्लात्स' (आडवं हो), 'हियर' (इकडे). उन्हाळ्यात आई नाशिकहून येते, ती मराठीशिवाय बोलत नाही. आमचा ब्रुनो 'सित्स' पक्कं झाल्यावर 'बस'ही शिकला, वर सांगितलंय त्याच पद्धतीने. एका कृतीला दोन शब्द चालतात. एका शब्दाच्या दोन कृती झाल्या की बिचाऱ्यांचं डोकं चालत नाही. तेव्हा तुमचे यजमान सुट्टीत 'सिट' म्हणाले तरी बिघडणार नाही, 'बस' आधी पक्कं होऊ द्या.

बुडापेस्टचीच आणखी एक गोष्ट. तिथे एक संशोधक मेक्सिकोहून आपला कुन-कुन नावाचा कुत्रा घेऊन राहायला आली. सभोवती स्पॅनिशच्या जागी हंगेरियन भाषा आलीय हे त्याला कळतं का, असा प्रश्न तिला पडला. त्यावरून 18 कुत्र्यांवर अभ्यास झाला, तो 2022 साली प्रसिद्ध झाला. ओळखीची भाषा आणि अनोळखी भाषा यांना त्यांच्या मेंदूत वेगवेगळा प्रतिसाद मिळत होता. ठकीला भाषा बदललेली जाणवेल, पण त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

साताऱ्याची_सून:
सगळ्यांचे खूप आभार. अप्पांना सगळं वाचून दाखवलं. सासूबाईंनी सात शब्द मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावलेत आणि मुलगा प्रत्येकाला टोकतो की जास्तीचं बोलू नका. नवऱ्यालाही फोनवर सांगितलं, तो तयार आहे.

एक शंका राहिली. अप्पांचा आवाज बसका आहे, मोकळ्या जागेत लांब जात नाही. शिट्टी चालेल का?

रंकाळ्यावरून:
चालेल, उलट उत्तम. अप्पा घाबरले असले तरी शिट्टीच्या आवाजात ते येत नाही. वाहतूक पोलिसांकडे असते तसली मणी घातलेली घेऊ नका, चौकातल्या प्रत्येक आवाजाला ती फसेल. बिनमण्याची, बारीक आवाजाची घ्या. दोन छोट्या फुंका, लगेच 'इकडे', मग चिकन. सुरुवात घरातच करा, पण कुकर लावलेला नसताना. दोरीने अप्पांच्या गळ्यात अडकवून ठेवा आणि मुलाला खेळायला देऊ नका.