सीए-१२५ ४८ आलंय, कॅन्सर समजायचा का?

प्रश्न (सांगली): आईचं वय ४४. हेल्थ पॅकेजमध्ये सीए-१२५ (अंडाशयाच्या कॅन्सरसाठी बघतात ती रक्ततपासणी) ४८ आलं, मर्यादा ३५. त्रास काहीच नाही.

उत्तर १: एवढ्यावरून कॅन्सर ठरत नाही. रक्त पाळीत दिलं होतं का? पाळी, फायब्रॉइड (गर्भाशयातली साधी गाठ), एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढणं), पोटाचा टीबी, सगळ्यांत वाढतं. पाळी संपल्यावर, ४-६ आठवड्यांनी, त्याच लॅबमध्ये परत करा. लॅब बदलली की मशिन बदलतं, आकडे जुळत नाहीत. सोबत खालच्या मार्गाने (योनीतून) सोनोग्राफी. स्त्रीरोगतज्ज्ञांना दोन्ही दाखवा.

उत्तर २: केसांसाठी बायोटिन (एक व्हिटॅमिन) चालू असेल तर लॅबला सांगा, काही मशिनवर आकडा खोटा कमी येतो. आणि नॉर्मल आलं म्हणजे सुटलो असंही नाही; सुरुवातीच्या टप्प्यात अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये जवळपास निम्म्या जणींत हे नॉर्मलच असतं. पॅकेजवाले उगाच गळ्यात मारतात. तिशीनंतर सरकारी केंद्रात तोंड, स्तन, गर्भाशयमुखाची तपासणी फुकट होते, ती करा.

प्रश्नकर्ता: पाळीचा दुसरा दिवस होता!

उत्तर १: मग आधी परत तपासा. सोनोग्राफी मात्र टाळू नका.