हिप्पींनी अमेरिका बदलली, की इस्त्रीच्या कपड्यांतल्या पोरांनी?

आडवाटेचा: साठचं दशक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लांब केस, गांजा आणि गोव्यातलं हणजूण येतं. मला हे खटकतं. १ फेब्रुवारी १९६० ला अमेरिकेतल्या ग्रीन्सबोरो शहरात वूलवर्थ दुकानात इस्त्रीच्या कपड्यांतले चार कृष्णवर्णीय विद्यार्थी गेले. टूथपेस्ट वगैरे घेतली, पावत्या जपून ठेवल्या आणि फक्त गोऱ्यांना वाढणाऱ्या काउंटरवर बसून कॉफी मागितली. दिली नाही. दुकान बंद होईपर्यंत पोरं उठली नाहीत. माल विकताना पैसे चालतात, मग कॉफीला का नाही? पावत्या हाच त्यांचा मुद्दा होता. जुलैत दुकान नमलं. हिप्पींचं असं एक तरी काम दाखवा.

रेवती_क: दाखवते. १९६६ पासून सॅन फ्रान्सिस्कोत, हाइट-अ‍ॅशबरी या हिप्पींच्या वस्तीत, डिगर्स नावाची मंडळी दुपारी चारला बागेत फुकट जेवण वाढायची. एक मोठी पिवळी लाकडी चौकट उभी असायची, तिच्यातून पलीकडे गेलं की वाटीत गरम स्ट्यू. ना नाव विचारणं, ना पैसे. पुढच्या जूनमध्ये त्याच वस्तीत मोफत दवाखाना निघाला. हे काम नव्हे?

आडवाटेचा: ताई, पोट भरलं हे मान्य. पण ऑक्टोबर १९६७ मध्ये त्याच वस्तीने ‘हिप्पी मेला’ म्हणून शवपेटी मिरवली. एका उन्हाळ्यात सगळ्याचा बाजार झाला होता.

जुनी_वही: दोघंही व्हिएतनाम युद्धासाठीची सक्तीची लष्करभरती विसरताय. १ डिसेंबर १९६९ ला काचेच्या बरणीत ३६६ निळ्या कॅप्सुली होत्या, प्रत्येकीत एक जन्मतारीख. ज्याची तारीख आधी निघेल, त्याला आधी बोलावणं. पहिली निघाली १४ सप्टेंबर. घराघरांत टीव्हीपुढे बसलेल्या पोरांचं त्या रात्री काय झालं असेल! केसवाले आणि इस्त्रीवाले, दोघांनाही रस्त्यावर आणलं ते या बरणीने. अठराव्या वर्षी लढायला जायचं, मत मात्र एकविसाव्या वर्षी. १९७१ च्या घटनादुरुस्तीने ते वय १८ झालं.

रेवती_क: आणि त्याआधी रक्त सांडलं. ४ मे १९७०, ओहायोतलं केंट स्टेट विद्यापीठ. युद्धविरोधी निदर्शनावर नॅशनल गार्डच्या सैनिकांचा तेरा सेकंद गोळीबार, चार विद्यार्थी ठार. त्यांतले दोघे निदर्शनातही नव्हते.

आडवाटेचा: अकरा दिवसांनी मिसिसिपीत, जॅक्सन स्टेट कॉलेजमध्ये पोलिसांनी दोन कृष्णवर्णीय तरुणांना मारलं. केंट सगळ्यांना ठाऊक आहे, जॅक्सन कितीजणांना? माझं भांडण हिप्पींशी नाही ताई, या विसरण्याशी आहे.