मदत हवी आहे: ब्रिटनमधल्या नर्सिंगबद्दल

माझी मावसबहीण वसईची, कॅथलिक. पुढच्या महिन्यात इंग्लंडमध्ये मॅटर्निटी वॉर्डात रुजू होतेय. गर्भपाताच्या कामात हात लावायचा नाही, हे तिचं पक्कं आहे. (मला ते पटत नाही, पण तो वाद घरचा!)

तिथल्या १९६७ च्या गर्भपात कायद्याचं कलम ४ अशी सूट देतं, मात्र बाईचा जीव धोक्यात असेल तर नाही, एवढं वाचलंय. पण ग्लासगोच्या दोन मिडवाइफच्या खटल्यात २०१४ साली सुप्रीम कोर्टाने देखरेख, कामं वाटून देणं यांना सूट नाकारली.

मग रुग्णाला फक्त चहा-जेवण देणं, नंतरची शुश्रूषा यांचं काय? आणि हे मॅनेजरला आधीच लेखी कळवावं का? तिथे काम करणाऱ्यांनी कृपया सांगा.