गूगल फॉर्मच्या आधी सीईटी सेलचा डेटा बघा
कॉलेजात नवा डेटा सायन्स कोर्स सुरू करायच्या आधी त्याला मागणी आहे का ते कसं तपासायचं, यावर कुणीतरी म्हटलंय की बारावीच्या पोरांकडून गूगल फॉर्म भरून घेतला की कळेल, पण फॉर्मवर 'हो' म्हणायला काय जातंय, फी भरायची वेळ आली की खरं कळतं. त्यापेक्षा सीईटी सेलच्या (राज्याच्या प्रवेश परीक्षा घेणारी सरकारी संस्था) साइटवरून कॅप राउंडचे (केंद्रीभूत प्रवेश फेऱ्यांचे) कटऑफ काढा, आसपासच्या जिल्ह्यांत कुठल्या जागा रिकाम्या राहतायत ते बघा. आणि नियमांवरही लक्ष ठेवा बरं का, 2024 ला बीबीए-बीसीए एआयसीटीईखाली (तंत्रशिक्षणाची केंद्रीय नियामक संस्था) गेले, प्रवेशाला सीईटी लागली आणि ढिगाने जागा रिकाम्या राहिल्या, मागणी असून! कंपन्यांच्या एचआरला 'कोर्स कसा वाटतो' विचारूच नका, सगळे छानच म्हणतात, गेल्या वर्षी फ्रेशर कुठल्या कामाला आणि किती पगारावर घेतले तेवढं विचारा.