सध्याची नोकरी, पत्ता कळवला की क्रेडिट स्कोअर वाढतो का?

प्रश्न

कामामुळे गेल्या काही वर्षांत घरं बदलली, नोकऱ्याही बदलल्या. आता घरूनच भाषांतराची कामं घेते. हप्ता एकही चुकलेला नाही. क्रेडिट रिपोर्ट काढला तर त्यात पत्त्यांची रांग, नोकरीच्या रकान्यात जुनीच कंपनी आणि एका खात्यावर आडनावाचं स्पेलिंग वेगळं. ओळखीचे एक जण म्हणाले, सध्याचं काम आणि पत्ता क्रेडिट ब्युरोला (कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेला) कळव, स्कोअर वर जाईल. गृहकर्ज घ्यायचंय. खरंच फरक पडतो?

उत्तर १

ताई, कर्जाच्या फायली तपासणं हेच माझं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

स्कोअरला फरक पडणार नाही. उदाहरण म्हणून अमेरिकेत १९८९ पासून चालत आलेल्या फायको या क्रेडिट स्कोअरचंच गणित बघा: साधारण ३५ टक्के वजन वेळेवर परतफेडीला, ३० टक्के किती देणं बाकी आहे त्याला, १५ टक्के खाती किती जुनी यावर, उरलेलं नव्या अर्जांना आणि कर्जाच्या प्रकारांना. पत्ता, पगार, कंपनी यांना त्यात जागाच नाही.

पण अर्ज टेबलावर आला की आम्ही नुसता स्कोअर बघून सही करत नाही. अर्जात एक पत्ता, बँकेच्या स्टेटमेंटवर दुसरा आणि कार्डाच्या बिलावर तिसरा दिसला की फाईल तिथेच अडते. स्थिरता बघतात ती इथे. आणि आधी ते स्पेलिंग दुरुस्त करा, कृपा करून. नावातल्या अशा गोंधळातून दुसऱ्याचं कर्ज आपल्या रिपोर्टला चिकटू शकतं, मग ते सोडवताना जीव मेटाकुटीला येतो.

दुरुस्ती बँकेपासून सुरू करा. ब्युरोकडे माहिती बँकाच पाठवतात, त्यामुळे तिथे जुनं राहिलं तर तेच पुन्हा रिपोर्टात येऊ शकतं. जिथे खरंच राहिलात ते जुने पत्ते राहू द्या. कधीच न राहिलेला पत्ता दिसला तर मात्र लगेच तक्रार करा, तुमच्या नावावर कुणी कर्ज काढलेलं असू शकतं.

सगळ्यात जुनं क्रेडिट कार्ड तेवढं बंद करू नका, खाती किती जुनी हेही स्कोअरमध्ये धरतात.

उत्तर २

मीही स्वतंत्र काम करते. मला बँकेने मागच्या काही वर्षांची आयकर विवरणपत्रं आणि खात्याचं स्टेटमेंट मागितलं. सगळ्या ग्राहकांचे पैसे एकाच खात्यात घेत होते, त्यामुळे दर महिन्याची आवक सरळ दिसली. हे आजपासून सुरू करा.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. एक राहिलं: अर्जाआधी पुन्हा नोकरी धरली तर बरं दिसेल का?

उत्तर १

त्याच क्षेत्रातली असेल तर चालतं. पण प्रोबेशन संपेपर्यंत बऱ्याच बँका थांबायला सांगतात, आणि स्वतंत्र कामाची सलग कमाई दाखवायची सोयही जाते. विवरणपत्रं नीट भरलेली असतील तर आहे त्याच कामावर अर्ज करा.